जाकडवर आणलेला लॅपटॉप

सोनगीरला राहणारे माझ्या बहिणीचे सासरे ज्या चिकाटीनं एखादी वस्तू पारखून घेतात, त्या चिकाटीनं लोकांनी नवरे पारखले असते तर निम्मे पुरुष बिनलग्नाचे राहिले असते. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. हायवेला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटारी तांब्याच्या तारेनं पुन्हा भरून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. चाळीसेक वर्षं मोटारींच्या संगतीत गेल्यामुळे या गृहस्थाचा कानाखेरीज दुसऱ्या कोणत्याही इंद्रियावर विश्वास उरलेला नाही. भरताचं वांगं ते टिचकी मारून ऐकतात. बायकोसाठी, म्हणजे आमच्या मावशींसाठी, कुकर घ्यायचा होता तेव्हा त्यांनी धुळ्याच्या दुकानदाराला भर दुपारी शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीवर एकामागून एक कुकर चढवायला लावले. त्यातल्या तीन शिट्ट्या रडक्या निघाल्या म्हणून नापास झाल्या, चौथी पास झाली. तो कुकर आजही शिट्टी देतो आणि आबा दरवेळी दुकानातून मान डोलावतात.

आमच्या ताईला बघायला ते जळगावला आले होते, तो प्रसंग आमच्या घरात अजून सांगितला जातो. पोहे झाले, चहा झाला, पण आबा काही विचारेनात. ताईचं शिक्षण, स्वयंपाक, पत्रिका, कशातच त्यांना रस दिसेना. वडील घामाघूम झाले. तेवढ्यात आत आईनं चटणी वाटायला मिक्सर लावला आणि आबांचा चेहरा उजळला. "दादा, तुमना मिक्सरना ब्रश गया," ते म्हणाले. एवढ्यावर न थांबता निघताना मिक्सर पिशवीत घालून बसनं सोनगीरला घेऊन गेले. मुलगी पसंत आहे की नाही ते सांगितलंच नाही. आठवड्यानं साखरपुड्याची तारीख आणि दुरुस्त झालेला मिक्सर एकाच पिशवीतून आले. ज्या घरात पाहुण्यांसमोर बिघडलेला मिक्सर लपवत नाहीत त्या घरची मुलगी डोळे मिटून करावी, असा त्यांचा हिशेब होता, हे पुढे कधीतरी मावशींनी सांगितलं.

मावशी म्हणजे ताईच्या सासूबाई. त्यांचं वर्णन करणं अवघड आहे, कारण त्या एका जागी थांबत नाहीत. बोलता बोलता उठतात, जेवता जेवता वाढतात, फोटो काढायला उभं केलं तर कॅमेऱ्याचं बटण दाबेपर्यंत अंगणात पोचलेल्या असतात. आमच्या ताईच्या लग्नाच्या अल्बममध्ये मावशींचे बारा फोटो आहेत, त्यातल्या अकरांत फक्त पदर आहे.

तर अशा या आबांचा गेल्या वर्षी दिवाळीनंतर मला फोन आला. मी जळगावच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. तिथे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मला काढता येतो, आणि एवढ्या भांडवलावर नात्यात कंप्युटरमधला जाणकार म्हणून माझं नाव झालेलं आहे. आबा म्हणाले, "पाव्हना, माले लॅपटॉप लेना शे. अर्धा दुकानसाठे, अर्धा घरसाठे." मला आधी हसू आलं. सत्तरीला टेकलेला माणूस, साधा टीव्हीचा रिमोट हातात धरत नाही, त्याला लॅपटॉप कशाला? मग त्यांनी जे सांगितलं त्यानं हसू जागच्या जागी विरलं.

त्यांना काचबिंदू झाला होता. दुकानाच्या चौकटीला खांदा आपटायला लागला, बाजूनं कुणी रामराम घातला तर दिसेना, लोक म्हणायला लागले की आबाला आता मस्ती चढली. धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कडेचं दिसणं गेलं ते गेलंच, औषधं नेमानं घातली तर उरलेलं जपता येईल, पण किती दिवस ते आत्ता सांगता यायचं नाही. आबांनी मला हे सगळं मोटारीच्या भाषेत समजावलं. "आते माले दोन इंची पाइपमाईन जग दिसस. उद्या तो पाइप एक इंची व्हई. मंग बंद बी व्हई. पन कान बठ्ठा साबूत शेत."

त्यांचा बेत ठरलेला होता. बारीक तार आता डोळ्यांना झेपत नव्हती, ते काम दोन कारागिरांकडे सोपवायचं. आणि आपण ऐकायचं. शिरपूर-साक्रीकडचे शेतकरी हल्ली बिघडलेल्या मोटारीचा आवाज मोबाइलवर पाठवतात आणि आबा ऐकून दोष सांगतात. पण मोबाइलमधून आवाज येतो तो पातळ, त्यात खालचा घुमारा नसतो, आणि रोग नेमका घुमाऱ्यात असतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून लॅपटॉप हवा. घरसाठी काय करणार, हे मात्र ते सांगेनात. "ते माले मालूम शे," एवढंच.

ठरल्या दिवशी ते सकाळच्या बसनं जळगावला आले. पांढरा सदरा, जाड भिंगांचा चष्मा आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पेन ड्राइव्ह. गावातल्या मोबाइलवाल्याकडून त्यात तीन गोष्टी भरून आणल्या होत्या: एका चांगल्या मोटारीचा आवाज, एका बिघडलेल्या मोटारीचा आवाज आणि एक फोटो. मी आदल्या दिवशी बसून एक कागद तयार केला होता. प्रोसेसर कुठला, रॅम किती, बॅटरी किती तास चालते, सगळं चौकटी आखून लिहिलं होतं. आबांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि पुढे दिवसभर चष्मा पुसायला वापरला.

पहिल्या दुकानातल्या तरुणानं अगदी पातळ, चकचकीत लॅपटॉप उघडला आणि त्यावर झकास गाणं लावलं. आबांनी हात वर करून ते बंद करायला लावलं, गळ्यातला पेन ड्राइव्ह सोडून लावायला दिला, आणि त्या गार, सुगंधी दुकानात पाच हॉर्सपॉवरची मोटार वाजू लागली. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. आबा डोळे मिटून लॅपटॉपला कान लावून वाकले होते. "हाई मोटार नही, मच्छर शे," त्यांनी निकाल दिला. तो तरुण सभ्य होता. वेगळा स्पीकर जोडता येईल म्हणाला. मीही तेच म्हणालो. आबा उसळले. "भाकर आपला घर आनि मीठ शेजारना घर? नही जमाव."

मग फोटो. तो मावशींचा होता. गच्चीवर मिरच्या निवडत असताना नकळत काढलेला, कपाळाला आठ्या, डोळे उन्हानं बारीक झालेले. कुणी काढला, केव्हा काढला, मावशींना पत्ता नव्हता. आबांनी तो पडद्यावर मोठा करायला सांगितला. आणखी मोठा. अजून मोठा. शेवटी त्या चौदा इंची पडद्यावर फक्त मावशींची हनुवटी उरली. हनुवटीवर लहानपणी गोंदलेले तीन ठिपके आहेत. आबा नाक टेकेल इतके जवळ गेले आणि म्हणाले, "गोंदन हिरवं शे, आठे काळं दिसस. चालाव नही."

मी शरमेनं अर्धा झालो, खोटं कशाला सांगू. दुपारपर्यंत जळगावच्या दुकानांमधून आम्ही मोटार वाजवत आणि मावशींची हनुवटी दाखवत हिंडलो. एका ठिकाणी आवाज पास झाला तर तीन ठिपक्यांचा मिळून एकच झाला. दुसऱ्या ठिकाणी ठिपके सुटे दिसले, पण पडदा इतका भडक की मावशींच्या गालांवर लाली चढली. आबा दुकानदाराला म्हणाले, "इतली गोरी ती लगीनमा बी नव्हती." संध्याकाळी मी चिडलो. म्हटलं, आबा, लॅपटॉप घेताना असं कुणी बघत नाही. कुठलाही घ्या, सगळे सारखेच. ते चष्मा पुसत पुढे चालत राहिले. बसस्टँडवर रसवंतीच्या बाकावर बसून शांतपणे म्हणाले, "पाव्हना, माले एकच डाव लेना शे. दुसरा लेवाले गयू तं दिसाव नही." माझ्या त्या चौकटी आखलेल्या कागदाची मला फार लाज वाटली.

आठ दिवसांनी आम्ही धुळ्याची दुकानं पालथी घालायला घेतली. मी रजा टाकून गेलो. एका गल्लीत एक साधं दुकान होतं, मालक पन्नाशीचे, अबोल. त्यांनी ठेवलेला लॅपटॉप जाड, काळा, दिसायला अगदीच सामान्य. मी कागदावर तो घेतलासुद्धा नसता. मोटार लावली. आबांची मान किंचित हलली. बिघडलेली मोटार लावली. मान आणखी हलली. फोटो मोठा केला. तीन ठिपके, तिन्ही सुटे, तिन्ही हिरवे. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच आबांनी लॅपटॉप उचलून कानाला लावला आणि लहान मुलासारखे खूश झाले. "अरे, इनमा बी मोटार शे!" मालकांनी सांगितलं की आत बारीक पंखा असतो, यंत्र तापू नये म्हणून. आबांचा चेहरा लगेच गंभीर झाला. "मंग ती मोटार रडी ऱ्हायनी. इनी बेरिंग गयी."

मालक हसले. नवाकोरा माल आहे, म्हणाले. आबा हटेनात. शेवटी मालकांनी त्याच जातीचा दुसरा नग खोक्यातून काढून सुरू केला आणि दोन्ही आळीपाळीनं कानाला लावले. पहिला नग त्यांनी मुकाट्यानं बाजूला ठेवला. मला दोन्ही सारखेच ऐकू येत होते.

आता घेऊन टाका, मी म्हणालो. आबा म्हणाले, "आते जाकडवर द्या. आठ दिन." साडीच्या दुकानातून चार साड्या घरी दाखवायला न्यायच्या, पसंत पडेल ती ठेवायची, बाकीच्या परत करायच्या, तसा लॅपटॉप! मी डोक्याला हात लावला. मालक मात्र आबांकडे बघतच राहिले. त्यांच्या वडिलांचं याच जागेवर कापडाचं दुकान होतं म्हणे, आणि हा शब्द त्यांच्या उंबऱ्यात कित्येक वर्षांनी आला होता. "न्या आबा," ते म्हणाले. "पण घरी पसंत कुणाला पडायचा आहे?" आबांनी पडद्याकडे बोट केलं. "जिनं तोंड दखानं शे, तिले."

सोनगीरला पोचल्यावर चूक माझ्याकडून झाली. मावशींनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात, आणि मी सांगून बसलो. मावशी हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "बठ्ठा जळगावले मनं तोंड दखाडी उनात? आनि ते बी मिरच्या निवडतानानं?" आबा खाली मान घालून पेन ड्राइव्हच्या दोऱ्याशी खेळत बसले. मावशी दोनदा आत गेल्या, दोनदा बाहेर आल्या, मग दारातून हळूच विचारलं, "मंग कोनतामा बरी दिसनू?"

"बरी एकामाबी नही," आबा म्हणाले. "हाईमा जशी शे तशी दिसनी."

त्यांच्या एकूण संसारात एवढं मोठं कौतुक झालं नसावं, कारण मावशी त्या संध्याकाळी भाजीत मीठ घालायला विसरल्या.

जाकडाच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा गेलो. ठेवायचा की परत करायचा, हे ऐकायला म्हणून गेलो, पण खरं तर आबांना बघायला गेलो. लॅपटॉप घरातल्या टेबलावर होता. सकाळभर त्यांनी डोळे मिटून लांबलांबच्या विहिरींवरच्या मोटारी ऐकल्या, फोनवर दोष सांगितले, एकाला तर मोटार खोलूच नको म्हणून दटावलं. आवाज इतका चढा आणि ठाम, की डोळ्यांचं काही झालंय हे पलीकडच्याला कळलंही नसतं. काम संपल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि तो फोटो उघडला. आठ्या घातलेला, उन्हात मिचमिचणारा तो चेहरा पडदाभर झाला. आबा त्याच्या अगदी जवळ गेले आणि कपाळापासून सुरुवात करून हळूहळू, टप्प्याटप्प्यानं खाली बघत निघाले, दोन इंची पाइपातून मावेल तेवढं तेवढं.

मावशी मागून येताना थबकल्या. "मी आठे उभी शे ना. मनाकडे दखा."

"तू हालस," आबा मान न वळवता म्हणाले. "हाई हालत नही. पाठ करी ऱ्हायनू."

मला माझ्या हातांचं काय करावं ते सुचेना. मावशी टेबलाला वळसा घालून पुढे आल्या, लॅपटॉप त्यांनी हातानं अलगद बाजूला सरकवला आणि त्याच्या जागी स्वतः वाकून उभ्या राहिल्या, चेहरा आबांच्या चेहऱ्यासमोर धरून. आबांनी चष्मा काढला. पुन्हा कपाळापासून सुरुवात केली.

स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास सुटला. मावशी हलल्या नाहीत.