काकांची शाळातपासणी

माझ्या मावशीच्या यजमानांनी जेवढ्या जिल्हा परिषदेच्या शाळा आतून पाहिल्या आहेत, तेवढ्या शिक्षण खात्यातल्या एकाही साहेबानं पाहिल्या नसतील, हे मी छातीठोकपणे सांगतो. ते मास्तर नव्हते, पुढारी नव्हते, कुठल्या समितीवर त्यांना कुणी घेतलं नव्हतं. बेंबळीहून आत वळलं की त्यांचं गाव. शेत पोरांच्या हवाली करून मोकळे झालेले काका मोटारसायकलला किक मारून निघत, ते थेट कुठल्या तरी परक्या गावच्या शाळेपुढं उतरत. लग्न असो, बारसं असो की दहावा, ज्या गावी जातील तिथली शाळा पाहिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. माझ्या चुलतभावासाठी आम्ही वाशी तालुक्यात मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा पोह्यांच्या बशा पुढं आल्या आणि काका गायब. परतले ते तोंड वाकडं करून. मुलगी सगळ्यांच्या मनात भरली होती. बाहेर पडताच काका म्हणाले, "पोरगी सोन्यासारखी हाय. पन शाळंच्या टाकीला तोटी न्हाय, चिंधीचा बोळा कोंबलाय. असल्या गावाशी सोयरीक करायची का, इचार करा." सोयरीक झाली, पण काका त्या व्याह्यांना पुढं कितीतरी दिवस तोटीवरून टोमणे मारत राहिले. मावशी बिचारी कपाळाला हात लावायची. "तुळजापूरला दर्शनाला न्यावं, तर हे पुजाऱ्यालाच इचारत्यात, इथली शाळा कुठंशी हाय म्हनून!"

तपासणीचे नियम काकांनी स्वतःच घातलेले. मुतारीला कुलूप असेल आणि किल्ली हेडमास्तरांच्या खिशात असेल, तर शाळा तिथंच नापास. खिचडी पोरांच्या आधी गुरुजी चाखतात का, हे खिडकीतून बघायचं. मग वर्गात शिरून गंभीर चेहऱ्यानं जाहीर करायचं, "पोरांनो, उद्या सुट्टी हाय बरं का!" बहुतेक ठिकाणी पत्रे उडतील असा गलका व्हायचा आणि गुरुजी धावत यायचे. एका शाळेत तर साहेब समजून त्यांना चहा-बिस्किटं दिली. काकांनी ती निवांत खाल्ली आणि शाळा नापास करून टाकली. "मानूस कोन हाय ते न इचारता चहा पाजत्यात. पोरांकडं काय ध्यान देत असतील?"

ओढ्यापलीकडं, चार गावं सोडून असलेल्या एका शाळेत मात्र काकांची सुट्टी ऐकून पोरांचे चेहरे पडले. एक मुलगी तर उठूनच उभी राहिली. "का हो? उद्या तर आमची मेथी उगवनार हाय." व्हरांड्यात पोरांनी फुटक्या घमेल्यांत बी पेरलं होतं. काका तिथंच विरघळले. त्या दिवसापासून पारावर दुसरा विषय नाही. ती शाळा, ते गुरुजी, ती मेथी. ऐकणारे तरणे बाप हळूच विचारायचे, "काका, मग आपल्या शाळंचं कसं?" काका हात झटकून म्हणायचे, "आपली? काठावर पास. तिचं काय बघायचं, आपलीच हाय ती."

काकांचा शब्द गावात मोठा. पुढच्या जूनला एक जीप ठरली, मग दुसरी. गावची पोरं मेथीच्या शाळेकडं निघाली. गावच्या शाळेचा पट उतरला, एका गुरुजींची बदली झाली. उरल्या एकट्या बाई आणि ज्यांच्या आईबापांना जीप परवडत नव्हती ती थोडी पोरं. मग एक दिवस पंचायत समितीतून कळलं की शाळा बंद करून पोरं शेजारच्या गावी घालणार.

काका हादरले. असं काही होईल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. घरोघर हिंडून ते पोरं परत मागू लागले. सुट्टीची थाप सोडली तर जन्मात खोटं न बोललेला हा माणूस त्यासाठी खोटंही बोलला. "तिथली खिचडी लई पातळ असती," म्हणाला. "ते गुरुजी तापट हायत," म्हणाला. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. एका आईनं तोंडावरच विचारलं, "काका, तुमच्याच सांगन्यावरनं पोरगं तिकडं घातलं. आता तुमच्याच सांगन्यावरनं काढू व्हय?"

शाळेच्या शेवटच्या दिवशी मी काकांच्या गावीच होतो. काका म्हणाले, "चल, बाईंना भेटून येऊ." बाई दारातच होत्या. त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं. "या काका. तुम्ही सगळीकडच्या शाळा बघता, म्हणून आमच्याकडं कधी येताय याची मी वाट बघत होते. मी इथं आले त्या पहिल्या वर्षी तर पोरांनी तुमच्यासाठी गाणंही बसवलं होतं."

काकांनी चपला दारात काढल्या. ते आत गेले. पोरांनी न सांगता सतरंजीवर सरकून त्यांना जागा करून दिली. एक मुलगी तांब्याभर पाणी घेऊन आली. चौथीतली एक पोर पहिलीतल्या धाकट्याला मांडीशी घेऊन शिकवत होती. तो धाकटा पुस्तक घेऊन सरळ काकांकडं आला. "आजोबा, मी वाचतो. चुकलं तर सांगा." बोट ठेवून त्यानं अख्खं पान वाचलं. काकांना चूक सापडली नाही, आणि परीक्षा घ्यायचीही आठवण राहिली नाही. बराच वेळ ते त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसले होते.

घरी परतताना काका मध्येच थांबले. "चांगली हाय रं," म्हणाले. "लई चांगली हाय. आपलीच म्हनून बघायची राह्यली."

जूनपासून ती पोरं शेजारच्या गावी पायी जाऊ लागली. त्यांची वाट काकांच्या घरावरूनच जाते. ओसरीवर बसलेले काका आता कुठल्याच पोराला काही विचारत नाहीत. पोरं नजरेआड होईपर्यंत फक्त बघत राहतात.