उखाण्यातलं नाव

नव्वदच्या दशकात बारामतीत माझं लग्नाच्या कॅसेटी मिक्स करायचं दुकान होतं. शूटिंगवर सनई आणि गाणी चढवायची, आवाज एकसारखा करायचा. दिवसभर परक्यांची लग्नं ऐकायची आणि संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप उघडायचं. बायको इंदापूरला माहेरी निघून गेली होती. तुमचा आवाज सदा चढलेला, असं म्हणून गेली. खरंच होतं ते, पण मी कबूल करायला तयार नव्हतो.

एका दुपारी कळसचे एक तात्या आले. पिशवीतून लेकीच्या लग्नाची कॅसेट काढली. माझ्याच हातची. त्यांची मंडळी महिन्यापूर्वी वारली होती.

"पंगतीत तिनं उखाण्यात माझं नाव घेतलंय. एरवी कधी घेतलं न्हाय. पर टीव्हीवर नुसता बँड ऐकू येतोय."

उखाण्यांपुरता मूळ आवाज मी ठेवत असे. पण मांडवाबाहेर बँड रंगात आला होता आणि माऊलीचे नुसते ओठ हलत होते. मी बटण पार फिरवलं. मिक्सरचा काटा लाल रेघेपार गेला आणि पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज फाटला.

"ह्यो तिचा आवाज न्हाय," तात्या म्हणाले.

"मग मशीन काय जादू करणार?" मी खेकसलो. त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या व्हीसीआरमध्ये कोरी कॅसेट घातली आणि तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा उतरवत बसलो. ढोलाचा ठोका आला की बटण खाली, तिचा शब्द आला की हलकेच वर, काटा कायम लाल रेघेच्या अलीकडे. दर खेपेला कुठंतरी हात चुकायचा. नवव्या खेपेला जमलं. लाजत, अडखळत तिनं नाव घेतलं. तात्यांनी डोळे मिटले.

"अजून वाढवू का?"

"नगं. ती एवढ्याच आवाजात बोलायची."

ते गेल्यावर दुकान खायला उठलं. समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरलो, इंदापूरला सासऱ्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि बायकोला बोलावून घ्यायला सांगितलं. ती फोनवर आली.

"कशी आहेस?" मी हळूच विचारलं.

"कोण बोलतंय?" ती म्हणाली.