बाईंचा गेमिंग कॉम्प्युटर

आमच्या वर्कशॉपात एक पद्धत आहे. जळालेली मोटर नव्याने गुंडाळून झाली, वार्निश वाळलं, बेअरिंगला ग्रीस भरलं, की वीज जोडायच्या आधी तिला कुंकवाचं बोट लावायचं. शेठ स्वतः लावतात, ते नसले की मी. मोटर ओतीव लोखंडाची असते, तिला कुंकू लावा नाहीतर हातोडी मारा, तिला काही वाटत नाही. कॉम्प्युटरचं तसं नसतं, हे मला त्या शनिवारी माहीत नव्हतं.

आधी बाईंचं सांगतो. बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. वसईतल्या एका गावात त्यांची केळीची वाडी आहे, वाडीत विहीर आणि विहिरीवर मोटर. ती मोटर जळाली तेव्हा मी सोडवायला गेलो, मग बसवायला गेलो आणि तिसऱ्या वेळी पेटी घेऊन मागच्या खोलीत राहायलाच गेलो. बाईंचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा कॅनडात. त्यांनी सगळी नोकरी मराठी शाळेत गणित शिकवण्यात घालवली. शेजारणींशी त्या गावच्या बोलीत बोलतात, त्यातलं मला अर्धंच कळतं. माझ्याशी पुस्तकातल्या मराठीत बोलतात, त्यातलं सगळं कळतं, म्हणून भीती जास्त वाटते. मी वाशीमकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. समोर गणिताच्या बाई दिसल्या की माझा हात अजून आपोआप खिशात पेन शोधतो.

आलो त्याच वर्षी मला डेंगी झाला. गावाकडे कळवून उपयोग नव्हता, आईने रडण्यापलीकडे काय केलं असतं? बाईंनी अकरा दिवस पेज करून घातली, तीनदा रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि मी भाड्याचा विषय काढला तेव्हा "झोप" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून बाईंनी काहीही विचारलं की माझ्या तोंडून "येतं मला" असंच निघतं. येत असो वा नसो. अशा रीतीने मी त्यांच्याकडे एकदा कुकरचं झाकण, एकदा छपराची कौलं आणि एकदा नाताळचा केक दुरुस्त करायला बसलो होतो. केक दुरुस्त झाला नाही.

एका दुपारी वाडीत पाणी लावत होतो. बाई ओट्यावर येऊन म्हणाल्या, "तुला कॉम्प्युटर जोडता येतो?"

"येतो की."

"गेम खेळायचा. मोटारींच्या शर्यतीचा. साध्या कॉम्प्युटरवर तो चालत नाही म्हणे."

मी नळी सोडून त्यांच्याकडे बघत राहिलो. नळी माझ्या पायावर पाणी सोडत राहिली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा शाळेत होता तेव्हा त्याला या गेमचं वेड. बाई हाका मारून थकल्या की ओट्यावर जाऊन मेन स्विच बंद करायच्या. तो दहावीला होता त्या वर्षी वीज कंपनीपेक्षा आपणच जास्त वेळा वीज घालवली, असं त्या अभिमानाने सांगत. आता मुलगा दर रविवारी फोन करतो. जेवलीस का, गोळ्या घेतेस ना, बरं ठेवतो. दोन मिनिटं. बाईंनी घड्याळ लावून पाहिलं होतं. पण एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं की रविवारी सकाळी तो मित्रांबरोबर शर्यती खेळतो, कानाला हेडफोन, आणि तीन-तीन तास गप्पा चालतात.

"म्हणजे त्याच्याकडे वेळ आहे," बाई म्हणाल्या. "फक्त तो फोनमध्ये नाही, गेममध्ये आहे. मग मी तिकडे जाते."

मुलगा आधी हसला होता. मग म्हणाला, बघ जमतंय का, येत्या नाही त्याच्या पुढच्या रविवारी, तुझ्या घड्याळात पाच वाजता मी थांबतो. त्यानंतर त्याची ड्यूटी बदलणार होती आणि पुढचे कित्येक महिने रविवार कामातच जाणार होते. म्हणजे एकच रविवार. जुनं वॉशिंग मशीन अजून फिरत होतं, तेव्हा नव्या मशीनसाठी ठेवलेले पैसे यात घालायचे ठरले. त्यापेक्षा एक रुपया वर नाही.

मी आठ दिवस जेवताना, चहा पिताना व्हिडिओ पाहिले. दोन्ही हातांनी काम करणारी ती मुलं किती सहज बोलत होती, जणू पोहे करतायत. तुळिंजच्या एका गल्लीत एक दुकानदार गाठला. वॉशिंग मशीनच्या पैशात गेमिंगवालं म्हटल्यावर त्याने आधी मला बसायला स्टूल दिलं. मग एक प्रोसेसर दाखवला आणि म्हणाला, हा स्वस्त का, तर याला स्वतःचं चित्र नाही, चित्र ग्राफिक कार्डातूनच येणार. मी मान डोलावली. मला कळलं नाही की मी मान जास्त डोलावतो. मदरबोर्ड, रॅम आणि आत विंडोज टाकून दिलेली एसएसडी त्याच्याकडूनच घेतली. कॅबिनेट आणि मॉनिटर बंद पडलेल्या सायबर कॅफेतले, वसईच्या हवेने कॅबिनेटचे कोपरे खाल्लेले.

राहिलं ग्राफिक कार्ड. ते फुलपाड्याच्या एका मुलाकडे जुनं मिळालं. त्याचं लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या बायकोने कार्ड किंवा मी, असं सांगितलं होतं. त्याने ते लहान बाळाच्या दुपट्यात गुंडाळून आणलं. वायर लावायच्या भोकांवर प्लास्टिकच्या टोप्यासुद्धा त्याने जपून ठेवल्या होत्या. "हिला गरम होऊ देऊ नका," तो म्हणाला आणि दुपटं परत घेतलं. मी इमारतीखाली गेलो तरी तो गॅलरीत उभा होता.

शनिवारी शेठकडून सुट्टी घेतली. बाईंनी जेवणाचं टेबल पुसून त्यावर वर्तमानपत्रं पसरली, चष्मा बदलला आणि वही उघडली. वहीत त्यांनी भूमितीचं प्रमेय लिहावं तसं लिहिलं होतं: पक्ष, म्हणजे हातात असलेले सगळे भाग. साध्य, म्हणजे रविवारी पाच वाजता चालू कॉम्प्युटर. खाली सिद्धता, तिच्या जागी एक ते चौदा आकडे घालून मोकळ्या ओळी. प्रत्येक पायरी झाली की कारण लिहायचं. मी स्क्रू फिरवायचो आणि बाई विचारायच्या, "कारण?"

"बसतोय म्हणून."

"हे कारण नाही."

प्रोसेसरवर लावायची पेस्ट वाटाण्याएवढी घालायची असते. माझ्या हाताला बेअरिंगची सवय, मी ग्रीस भरावं तशी भरली. बाईंनी सुरीने निम्मी काढली, पावावरचं जादा लोणी काढतात तशी. पॉवर बटणाच्या वायरी मुंगीएवढ्या. तांब्याची तार गुंडाळून माझ्या बोटांची सालं निघालेली, त्यांना ती मुंगी पकडता येईना. शेवटी बाईंनी टाचणीने एकेक बसवली आणि वहीत लिहिलं, दिसते म्हणून. पाच वाजेपर्यंत सगळं जुळलं. दोन स्क्रू उरले. वर्कशॉपात स्क्रू उरला की मोटर परत उघडतात. पण व्हिडिओतल्या मुलाचेही उरले होते, म्हणून मी ते गुपचूप खिशात घातले.

बाई चहा ठेवायला आत गेल्या. मी एकटा. कॅबिनेट उघडं होतं. खोलीत जाऊन आईने दिलेली कुंकवाची डबी आणली. कॅबिनेटला बाहेरून लावलं असतं तर चाललं असतं, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं, पत्र्याला लावून काय उपयोग, काम आत होणार आहे. मी वाकून रॅमच्या खाचेशेजारी नीट बोट टेकवलं. थोडं सांडलं. फुंकलं. मग हात धुवायला विहिरीवर गेलो.

परत आल्यावर चहा पिऊन आम्ही बटण दाबलं. पंखे फिरले, पुढचा दिवा जांभळा लागला, बाईंनी टाळ्या वाजवल्या. पडदा काळा. मॉनिटरवर लहान अक्षरांत आलं की सिग्नल नाही, आणि तेही विझलं. बंद करून चालू केला. काळा. सात वाजेपर्यंत काळा. बाई म्हणाल्या, उद्या बघू. ती रात्र मी कशी काढली ते सोडून देतो.

रविवारी बाई चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला गेल्या. मी टेबलासमोर बसून त्या लाल ठिपक्याकडे बघत होतो. बाईंना सांगावं तर त्या म्हणणार, मोटर आणि यातला फरक कळत नाही का? न सांगावं तर मुलगा पाच वाजता थांबणार, आणि त्यानंतर परत दोन मिनिटं. त्यांनी मला अकरा दिवस पेज घातली आणि मी त्यांच्या मदरबोर्डला कुंकू लावलं. शेवटी ठरवलं, त्या आल्या की सांगायचं आणि मग पेटी भरायची.

बाई आल्या. डोक्यावरचा पदर न काढताच खुर्चीवर बसल्या.

"मला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "काल तू विहिरीवर गेलास ना, तेव्हा मी यात पवित्र पाणी शिंपडलं. यात्रेहून आणलेलं. बाहेरून शिंपडणार होते, पण म्हटलं मशीन तर आत आहे."

मी त्या लाल ठिपक्याकडे पाहिलं.

"तीस वर्षं मुलांना सांगत आले की पाणी आणि वीज एकत्र आणू नका," त्या म्हणाल्या. "आज मिस्सात एक शब्द कानात शिरला नाही."

"बाई, मी कुंकू लावलं."

"कुठे?"

मी दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाकून पाहिलं.

"हे होय? मला वाटलं कंपनीनेच केलेली खूण आहे. मी तर त्यावर नेम धरून शिंपडलं."

"आणि ते ओलं दिसलं तेव्हा मला वाटलं तो माझा घाम आहे."

बाई आधी हसल्या, मग मी. मग घड्याळाकडे बघून दोघेही थांबलो.

रॅमची सोनेरी टोकं खोडरबरने पुसायची, हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. बाईंनी कपाटातून पत्र्याचा डबा काढला. तीस वर्षांत वर्गातून जप्त केलेली खोडरबरं त्यात होती, फळांची, मोटारींची, एक बुटाच्या आकाराचं. स्ट्रॉबेरीच्या वासाचं सगळ्यांत मऊ होतं, ते मी घेतलं. बाईंनी कापसाने खाच कोरडी केली, केसांच्या ड्रायरने थंड हवा मारली. कुंकू निघालं, पाणी निघालं, खोलीभर स्ट्रॉबेरीचा वास सुटला. सगळं सुटं करून परत जोडलं, त्यात दुपार झाली. बटण दाबलं. पंखे फिरले, जांभळा दिवा लागला आणि पडदा काळा.

तीन वाजले होते. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते मी कॅबिनेटपासून लांब जाऊन पुसलं, अजून पाणी नको म्हणून. म्हणालो, बाई, मला येत नाही. मी उगाच येतं म्हणालो, माझी तर आठवीसुद्धा झालेली नाही.

"ते मला तू भाड्याचा हिशेब सांगितलास त्याच दिवशी कळलं," बाई म्हणाल्या. "बस. मुलांचं गणित अडतं ते बहुतेक वेळा प्रश्न अर्धा वाचल्यामुळे. पक्ष परत सांग. दुकानदार काय काय म्हणाला, शब्दन् शब्द."

मी सांगत गेलो. बसायला स्टूल दिलं. बाई म्हणाल्या, पुढे. प्रोसेसर दाखवला. स्वस्त आहे म्हणाला. का स्वस्त? तर याला स्वतःचं चित्र नाही, चित्र कार्डातूनच येणार.

"मग मॉनिटरची वायर कशाला लावलीस?"

मी मागे वाकून बघितलं. वायर वर मदरबोर्डच्या भोकात होती. खाली ग्राफिक कार्डाला अगदी तसंच भोक होतं, आणि त्यावर फुलपाड्याच्या त्या मुलाने जपलेली प्लास्टिकची टोपी होती. मला वाटलं होतं, टोपी आहे म्हणजे काढायची नसणार.

"कारण?" बाईंनी विचारलं.

मी टोपी काढली. वायर खाली लावली. पडद्यावर निळा उजेड आला आणि बाईंनी वहीत पंधरावा आकडा घातला.

गेम उतरायला सव्वा तास लागला. टक्केवारी बाई मोठ्याने वाचत होत्या. पाचला ब्याण्णव झाले. पाच वाजून सात मिनिटांनी हेडफोन डोक्यावर चढवला, तो त्यांच्या अंबाड्यात अडकला म्हणून मी त्याचा माईक त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि मॉनिटरच्या स्पीकरवर आवाज टाकला. मुलगा थांबला होता. बाईंना लाल मोटार मिळाली. पहिल्या वळणावर त्यांनी ती भिंतीत घातली, दुसऱ्यावर समुद्रात. मुलगा हसत होता. इतका हसतो तो, हे मला माहीत नव्हतं, बहुतेक बाईंनाही आठवत नव्हतं. मग मोटारी बाजूला उभ्या करून तो बोलायला लागला. तिकडची थंडी, घरमालक, स्वतः केलेली आणि खारट झालेली मच्छी. बाई मध्येमध्ये विचारत होत्या, चिंच किती घातलीस? मी घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती.

बोलता बोलता तो एकदम थांबला आणि म्हणाला, "मम्मी, आज मेन स्विच बंद करू नकोस हां."

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या, बराच वेळ.

मी हळूच उठलो. ओट्यावर मेन स्विचचा डबा आहे, त्याच्याखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलो. शेजारीण केळी मागायला आली, तिलाही मी लांबूनच हात केला, उद्या या म्हणून. साडेसातपर्यंत तिथून हललो नाही.