सूर्याचा काटा

ज्या नोकरीत दिवसभर आभाळाकडेच बघायचं, तिथं किस्से साचणारच! दोन जुने सोबती भेटले की चहा थंड होतो, पण किस्से संपत नाहीत.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. चांदा जिल्ह्यात, मुलचेऱ्याच्या बाजूच्या जंगलात आमची लहानशी वेधशाळा होती. सूर्याकडून किती ऊन येतं आणि जमीन त्यातलं किती परत फेकते, हे मोजायचं आमचं काम. काचेच्या घुमटाखाली काळी चकती बसवलेलं यंत्र होतं, त्याला गाववाले सूर्याचा काटा म्हणत. आम्ही तिघं: प्रमुख देशकर साहेब पुण्याचे, मी इथलाच, मार्कंड्याकडचा, आणि आवार सांभाळायला शेजारच्या जंगलगावची मैनाबाई.

*

माझ्या लग्नाची गोष्ट. मुलगी बघायला गेलो. सासरे धानाचे शेतकरी. सरकारी नोकरी आहे हे ठीक, पण करता काय, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, ऊन मोजतो.

सासरेबुवा पान चघळायचे थांबले. माझ्याकडे बघत राहिले, मग बाहेरच्या रखरखाटाकडे बघितलं.

"मोजल्यानं कमी होत असन, तं उद्याच लगन लावून देतो!"

लग्न झालं. ऊन काही कमी झालं नाही.

*

मोठे साहेब येणार म्हटलं की आपल्याकडे चुना आलाच. एकदा जिल्ह्याचे साहेब येणार होते. देशकर साहेब आणि मी सामान आणायला चांद्याला गेलेलो. मैनाबाईनं चार बाया जमवल्या आणि आवाराला चुना मारला. गोटे पांढरे, खांब पांढरे, झाडांचे बुंधे पांढरे. एवढ्यावर थांबली असती तर ती मैनाबाई कसली! जमिनीकडे तोंड करून एक यंत्र टांगलेलं होतं. त्याच्याखालची काळी मातीही तिनं चुन्यानं लख्ख करून टाकली.

आमच्या जागी बसवलेल्या बदली माणसानं इमानदारीनं आकडे पुण्याला पाठवले. जमीन भलतंच ऊन परत फेकत होती. तिसऱ्या दिवशी पुण्याहून तार आली: "तुमच्याकडे बर्फ पडला काय?"

देशकर साहेब आधी भडकले, मग इतके हसले की त्यांचा चष्मा खाली पडला.

*

त्याच संध्याकाळी त्यांनी मैनाबाईला एका मासिकातलं चित्र दाखवलं. ध्रुवाकडचा प्रदेश, सगळीकडे बर्फ, आणि केसाळ कोट घातलेला एक माणूस आमच्यासारख्याच यंत्राजवळ उभा. तिथला बर्फ जवळजवळ सगळं ऊन परत पाठवतो, तुझ्या चुन्यासारखं, असं त्यांनी तिला समजावलं.

मैनाबाईनं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "आमचं जंगल तसं नाई, साहेब. आलेल्याले ठेवून घेते."

पुण्याला परत जाण्याचा साहेबांचा अर्ज दरवर्षी जायचा, तो त्यानंतर कधी गेला नाही. हे मी छाती ठोकून सांगतो.

*

आता शेवटचा. मोह टपकायला लागला की आमच्याकडे बाया झाडाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे खालची फुलं वेचता येतात. त्या दिवसांत जंगलभर धूर, आणि आमचं ऊन कमी. पुण्याचं म्हणणं, आभाळात ढग नाही आणि ऊन कमी, म्हणजे तुमचा काटा खोटा! साहेबांनी धुराचं कारण कळवलं, ते कोणी मानलं नाही. एक अधिकारी स्वतःचं यंत्र घेऊन येणार, एक दिवस दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहणार. असं ताडायला स्वच्छ ऊन लागतं. नाही जमलं तर काटा उचलून नागपूरला नेणार आणि वेधशाळा बंद.

साहेबांचं जेवण सुटलं. मी म्हटलं, गावात सांगून येतो, एक दिवस जाळू नका म्हणून. ते माझ्यावरच चिडले. "त्यांचं पोट आहे त्या मोहावर. आपण कोण सांगणारे?"

मैनाबाई तेव्हा माठ भरत होती. माठावर झाकण ठेवून ती घरी गेली.

अधिकारी आले त्या सकाळी मी बाहेर येऊन बघतो, तर चारी दिशांना आभाळ निळंशार! धुराची एक रेघ नाही. दिवसभर दोन्ही यंत्रांचे काटे जोडीनं चढले आणि जोडीनं उतरले. अधिकाऱ्यांनी आमचा काटा खरा म्हणून सही केली.

जीपमध्ये बसताना त्यांनी विचारलं, देशकर, तुम्ही नेहमी लिहिता तो धूर कुठं आहे?

तेवढ्यात जंगलातून बाया निघाल्या. एरवी दुपारपर्यंत घरी पोचणाऱ्या, त्या दिवशी ऊन कलल्यावर येत होत्या. डोक्यावर मोहाच्या टोपल्या, हातात झिजलेले खराटे, बोटं खरचटलेली. सगळ्यांत पुढे मैनाबाई. तिनं टोपली खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"आज हातानंच झाडलं, साहेब. आमच्या सूर्याची परीक्षा होती ना!"