पेठेत गाड्यांना जागा झाली

जुन्नरच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान. समोरच एसटीचा थांबा होता. डोंगराकडच्या बायका उतरायच्या, आमच्या पायरीवर टेकायच्या, पाणी मागायच्या आणि जाताना दोन साड्या घेऊन जायच्या. ही केवढी अडचण आहे, हे घरात चारचाकी आल्यावर आमच्या ह्यांच्या लक्षात आलं.

गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, असं ह्यांचं मत झालं. शेजारच्या दुकानदारांनीही नव्या गाड्या घेतल्या होत्या, त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं. निवेदनं झाली, सत्कार झाले, थांबा गावाबाहेर गेला. पेठेत पांढरे पट्टे मारले. दुसऱ्या दिवशी शटरं उघडायच्या आत सगळे पट्टे भरले. गाड्या अर्थात आम्हा दुकानदारांच्याच. संध्याकाळपर्यंत एकही हलली नाही. हे मधूनमधून उठून आपली गाडी पुसून यायचे. दुसरं काम नव्हतंच.

लग्नसराईत तळेघरकडची एक मावशी लेकीच्या बस्त्याला आली. आमचं जुनं गिऱ्हाईक. घामाघूम झाली होती. साड्या तिच्या सासूच्या, म्हणजे नवरीच्या आजीच्या, पसंतीने घ्यायच्या होत्या, पण म्हातारीला एवढं चालवेना, म्हणून तिला थांब्यावरच लेकीजवळ बसवून आली होती.

ती ह्यांना म्हणाली, "भाऊ, दुकान तुमचं लई चांगलं. पर म्हातारीला न्हाई जमत. आमी घोडेगावला बस्ता करतो."

हे ताडकन उठले. आजींना मीच आणतो म्हणाले आणि गाडी काढून गेले. तेवढ्यात त्या पट्ट्यात शेजाऱ्यांची दुसरी गाडी येऊन बसली. आजी आणि नात मागे, हे पुढे, अशी पेठेला प्रदक्षिणा सुरू झाली. तिसऱ्यांदा आल्यावर ह्यांनी भर रस्त्यात गाडी थांबवून दोघींना उतरवलं. मागच्यांचे हॉर्न ऐकत हे पुन्हा गाडी लावायला गेले.

बस्ता होत आला तेव्हा आजींनी मला विचारलं, "त्यो डायवर कुठं गेला गं? लई गरीब माणूस. चहा तरी पाजा त्याला."

गाडी शेवटी गावाबाहेरच्या थांब्याजवळ लागली, तिथे जागाच जागा होती. हे उन्हातून चालत परत आले. रात्री जेवताना मी म्हटलं, थांबा परत पेठेत आणा ना. दुकानदारांच्या पुढच्या बैठकीत ह्यांनी तो विषय काढलाही. गाड्यांसाठी दुमजली इमारत हवी, असा ठराव एकमताने मंजूर झाला.