तात्यांची रबरी बोट आणि विहीणबाई

तात्यांची बोट म्हणजे दोन लांबलचक रबरी ट्यूब, मागच्या टोकाला एकमेकींना जोडलेल्या, आणि मधे ताणलेला रबरी तळ. लाकडाचा तुकडा नाही की लोखंडाचा खिळा नाही. ती ताठ राहते ती नुसत्या हवेच्या जोरावर, हे तात्या प्रत्येक उतारूला अगत्यानं सांगत, आणि तो घाबरला की मनातून खूश होत. धरणाच्या पलीकडे दवाखाना, बाजार, कारखाना. रस्त्यानं वळसा फार मोठा. त्यामुळे अर्ध्या वस्तीचं येणं-जाणं तात्यांच्या वल्ह्यावर चाले.

ट्यूबला नुसतं बोट लावून त्यांना आतली हवा कळे. कमी भरली तर मधल्या भारानं वरच्या अंगाला आधी बारीक सुरकुत्या पडतात, मग एकदम घडी पडते, आणि घडी पडली की बोट तिथंच दुमडायला लागते. जास्त भरली तर उन्हात फुगून जोड उकलतात. म्हणून दुपारी काठावर ओढली की तात्या थोडी हवा सोडत आणि पाण्यात ढकलण्याआधी पुन्हा भरत. इतक्या वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं.

सुनेचे दिवस भरत आले तशी तिची आई मदतीला येऊन राहिली. विहीणबाई अंगानं भरभक्कम आणि तोंडानं फटकळ. तात्यांच्या घोरण्यापासून अंगणातल्या चिखलापर्यंत त्यांना काहीच पसंत नव्हतं. दोघांचं अगदी विळ्याभोपळ्याचं सख्य जमलं.

एका भर दुपारी सुनेला कळा सुरू झाल्या. मुलगा पलीकडे कारखान्यात. तात्या धावत काठावर गेले. उन्हानं तापलेली ट्यूब हाताला घट्ट लागली, आणि त्या घाईत त्यांनी बोट तशीच पाण्यात लोटली. सून मधे आडवी, विहीणबाई तिला धरून शेजारी.

गार पाण्यात आतली हवा आक्रसली. निम्म्या वाटेवर तात्यांना ट्यूबवर सुरकुत्या दिसल्या. बघता बघता दोन्हीकडे घडी पडली, बोटीचा मध्य खाली बसला, सुनेच्या पाठीखाली पाणी आलं. मधला भार कमी व्हावा म्हणून तात्या सरकत मागच्या टोकाला गेले. पण हवा भरायची कोणी? फूटपंपाला खाली जमीन लागते, इथं सगळं लिबलिबीत. आणि वल्हं सोडलं असतं तर वाऱ्यानं बोट भलतीकडेच नेली असती.

विहीणबाईंनी एका शब्दानं काही विचारलं नाही. लेकीला आपल्या कमरेला धरायला सांगितलं, पंपाची नळी ट्यूबच्या तोंडात खोचली, पंप दोन्ही गुडघ्यांत धरला आणि हातांनी दाबायला सुरुवात केली. घडी हळूहळू उघडली. चेहरा लालबुंद, श्वास लागलेला, तरी काठ येईपर्यंत त्यांचे हात थांबले नाहीत.

दवाखान्यात नात झाली. मायलेकी सुखरूप बघून मुलाच्या जिवात जीव आला. मग सगळ्यांचे ओले कपडे बघून त्यानं विचारलं, बोटीत पाणी कसं आलं? सुनेनंही मान वळवून सासऱ्यांकडे पाहिलं.

"मी जड बाई, नेमकी मधे बसले," विहीणबाई म्हणाल्या. "तिथंच दुमडली."

बाहेरच्या बाकावर तात्या कसंबसं म्हणाले, "विहीणबाई, सोडलेली हवा मी भरलीच नव्हती."

"मी भरली ती टिकली. म्हणजे ट्यूब फुटकी नव्हती, हे मला तेव्हाच कळलं," त्या म्हणाल्या. "पण लेकराला घेऊन माझ्या लेकीला तुमच्याच बोटीत बसायचंय. तिच्या मनात भीती कशाला?"

तात्यांनी नुसते हात जोडले. या बाईचे उपकार कसे फेडायचे, ते त्यांना सुचेना.

सून घरी परतली ती त्याच बोटीतून. बाळाला छातीशी धरून, काही न विचारता, ती मधे जाऊन बसली. विहीणबाई मात्र स्वतःच्या जडपणाला नावं ठेवत, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, पार पुढच्या टोकाला जाऊन बसल्या. तात्यांनी वल्हं हातात घेतलं, पण क्षणभर त्यांना समोरचं काही दिसेना.