रांगेतली शेवटची घागर

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. घरात नाही, विहारात नाही. एकटी वंदना म्हणत बसले आणि ते आठवलं, तर पुढची गाथा घाईघाईने म्हणून टाकते. आज तुम्ही समोर बसला आहात असं समजते आणि सांगते. मध्येच उठून चहा टाकायला गेले तर समजून घ्या. अवघड वेळ आली की काहीतरी काम काढायचं, ही माझी जुनी सवय.

आमची वस्ती रेणापूरजवळच्या एका गावाच्या कडेला. बौद्धांची, मोजकी घरं. माझे मालक शिवणकाम करायचे, बाजारच्या दिवशी रेणापुरात मशीन घेऊन बसायचे. सगळी वस्ती त्यांना दादा म्हणे, म्हणून इथे मीही दादाच म्हणते. मी सगळ्यांची वहिनी. लग्न लावायचं, तर दादा. मयत झाली, तर दादा. कुणाला लातूरच्या दवाखान्यात न्यायचं, तरी दादाच. विहार झाडणं, बाळंतपणं, लग्नातल्या पंगतीचा भात माझ्याकडे. आयुष्यभर दोघांनी हेच केलं. असं जोडपं पुन्हा होणार नाही, असं लोक माझ्या तोंडावर म्हणतात, आणि मी उठून आत जाते. वहिनीला कौतुक सोसत नाही, असं त्यांना वाटतं.

सोसत नाही, हे खरं आहे. पण का सोसत नाही — कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ. आमच्या वस्तीची विहीर तळाला गेलेली. खाली कपारीतून एक झरा, तोही करंगळीएवढा. गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी भरू देत नव्हते. मग वस्तीने ठरवलं, दादांनी विहिरीत उतरायचं, जर्मलच्या वाटीने पाणी बादलीत भरायचं, मी वरून ओढायचं आणि घागरी भरायच्या. माणसं, बायका सगळी दिवसभर सडकेच्या कामावर खडी फोडायला जात. सकाळी घागरी माझ्या हवाली करत आणि संध्याकाळी येऊन भरलेल्या नेत. रांग मी लावायची. एकच नियम होता — लेकुरवाळीची घागर पुढे. बाकी कुणाची कुठे ठेवायची ते वहिनी ठरवेल. एवढा विश्वास! पाण्याच्या बाबतीत तेव्हा सख्ख्या भावांचं पटत नव्हतं, आणि माझ्या रांगेवर कुणी कधी बोट ठेवलं नाही.

वच्छला आमच्या दोन घरं पलीकडची. वयाने लहान, तोंडाने फटकळ, सगळ्यांना हसवणारी. अंगावर पिणारी मुलगी होती तिला, करुणा. वच्छलाची घागर पत्र्याची, बुडाला डांबराचं ठिगळ. लेकुरवाळी म्हणून ती रोज पहिली.

एका संध्याकाळी बायका घागरी न्यायला आल्या होत्या. थट्टामस्करी चालली होती. वच्छला म्हणाली, "वहिनीला काय चिंता? दोघाचं घागरीत भागतंय. रडणारं हाय कोण घरात?"

बायका हसल्या. मीही हसले. मला मूल नव्हतं — पुढेही झालं नाही. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग? रात्रभर ते हसणं माझ्या कानात होतं, माझं स्वतःचंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेल्यावर मी तिची घागर उचलली आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली.

एवढंच. केवढंसं काम ते! मी मनाशी म्हटलं, पाणी उशिरा मिळेल, थोडा चटका बसेल — नाही, हे खोटं आहे. आता खोटं कशाला? तिला न मिळालं तर बरं, असंच मला वाटलं होतं. झरा रोज थोडा थोडा कमी येत होता, ते बादली ओढणाऱ्या माझ्या हातांना पहिल्यांदा कळत होतं.

शेवटून दुसरी घागर भरली आणि खालून दादांचा आवाज आला, "संपलं गं. आता निस्ता गाळ हाय."

संध्याकाळी वच्छला आली. घागर हलवून पाहिली. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "आज म्हाताऱ्यांच्या घागरी पुढं घेतल्या गं. लई हाल होते त्यांचे."

ती म्हणाली, "बरं केलंत, वहिनी."

बरं केलंत! मला तिथेच सांगता आलं असतं. त्याहून सोपं म्हणजे, आमची भरलेली घागर घरात होती, दारापासून चार पावलांवर, तिच्यातलं अर्धं तिला ओतून देता आलं असतं. दादा घरी असते तर त्यांनी विचारलंही नसतं, सरळ दिलं असतं. ते कुणाच्या तरी आजारपणाला गेले होते. मी पदराने हात पुसत उभी राहिले. वच्छलाने करुणाला सासूकडे दिलं आणि रिकामी घागर घेऊन ओढ्यापलीकडच्या पडक्या विहिरीकडे गेली. त्या विहिरीच्या पायऱ्या ढासळलेल्या होत्या. तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

दिवे लागायच्या वेळी तिला वर काढलं. पाय मांडीत मोडला होता. बैलगाडीतून लातूरला नेलं, दादाच घेऊन गेले. पाय जुळला, पण वाकडा. आजही ती लंगडत चालते.

आता यापुढचं ऐका — खरं तर मला हेच सांगायचं आहे, घागरीचं नाही.

दादा लातूरहून परतले आणि जेवायला बसेनात. ताट तसंच. शेवटी म्हणाले, "मी पाणी पिलो गं. दुपारी, खाली. दोन वाट्या. घसा कोरडा पडला होता. तेवढं ठिवलं असतं तर लेकरापुरतं तरी झालं असतं. ती गेलीच नसती तिकडं."

माणूस दिवसभर विहिरीच्या तळाशी वाकून वस्तीसाठी पाणी भरतो, दोन वाट्या पितो, आणि चोर ठरतो — स्वतःच्याच नजरेत. मला फक्त म्हणायचं होतं की दादा, तुमचा काही संबंध नाही, घागर मी हलवली. मी काय म्हणाले? "झालं ते झालं. जेवून घ्या." त्यांचा अपराध मी मोठ्या मनाने माफ केला! अशी ही वहिनी.

वच्छला अंथरुणावर होती तोवर करुणा माझ्याकडे राहिली. वाटी-चमच्याने दूध पाजायचं, न्हाऊ घालायचं, कुशीत झोपवायचं. हे सांगायला सगळ्यांत जड जातंय — ते माझे सर्वांत सुखाचे दिवस होते. दादा अंगणात तोंड पाडून बसलेले असायचे आणि मी आत पाळणा हलवत गाणं म्हणायचे.

त्यानंतर दादांनी कधी कुणाच्या आधी पाणी प्यायलं नाही. लग्न असो, मयत असो, कडक उन्हातली मिरवणूक असो, तांब्या हातात आला की विचारायचे, "समद्यांचं झालं का?" झालं म्हटल्यावरच प्यायचे. लोकांना त्याचं केवढं अप्रूप! लातूर जिल्हा झाला, नवे साहेब आमच्या वस्तीत हातपंप सुरू करायला आले, तेव्हा भाषणात कुणीतरी तेही सांगितलं. टाळ्या झाल्या. दादा मान खाली घालून बसले होते. मला साडी-चोळी दिली, आणि हार घालायला पुढे कोण आलं? लंगडत लंगडत, वच्छला. मी मान वाकवून हार घालून घेतला.

तो दिवस होता सांगायचा. असे किती दिवस होते! आम्ही उन्हातून कुणाच्या तरी कामाला चाललेलो असायचो, दोघंच, आणि मी बोलायचे ते भाजीपाल्याचं. त्यांना दमलेलं बघून म्हणायचे, पुरे आता, दुसऱ्या कुणाला करू द्या. ते म्हणायचे, "आपल्याला फेडायचं हाय." आपल्याला! त्यांच्या लेखी चूक त्यांची एकट्याची, आणि फेडताना मात्र मला बरोबर धरलं.

करुणा शिकली, नर्स झाली, नांदेडला असते. दादांचं दुखणं वाढलं तेव्हा तिनेच आम्हाला तिकडे नेलं. एका दुपारी ती औषधं आणायला खाली गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. दादांनी डोळे उघडले. मी पाण्याचा पेला त्यांच्या ओठाला लावला, तर त्यांनी हाताने बाजूला केला. आवाज जेमतेम येत होता.

"समद्यांचं झालं का?"

बाहेर कुणी नव्हतं. मला अडवणारं कुणीच नव्हतं. एक वाक्य होतं, ते मला पाठ होतं.

मी म्हणाले, "हाव, झालं. प्या."

ते प्याले. दोन दिवसांनी गेले.

आता मी वस्तीत एकटी असते. दारात नळ आहे, पण माझे गुडघे दुखतात म्हणून पाणी भरायला वच्छला येते. वाकड्या पायाने उंबरा ओलांडते, माठ भरते, मग तांब्या भरून माझ्यासमोर धरते. ऊन लागून तिचं तोंड सुकलेलं असतं. म्हणते, "आधी तुम्ही घ्या, वहिनी." आज सकाळीही म्हणाली.

मी तांब्या घेतला, आणि आधी प्याले.